पायाभूत चाचणीची जय्यत तयारी

जून उजाडतो, रेनकोट बाहेर निघतात, शाळेची घंटा होते आणि पहिल्याच आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न येतो, "पायाभूतला सिलॅबस काय आहे?" त्याखाली सतरा हात जोडलेले, तीन अंगठे आणि एक "मलाही पाठवा". महाराष्ट्रात शिक्षणाबद्दल अनास्था आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा ग्रुप एकदा पाहावा.

पायाभूत चाचणी ही शासनाची कल्पना. मागच्या इयत्तेतलं मुलाला काय आलं आणि काय डोक्यावरून गेलं हे वर्षाच्या सुरुवातीलाच बाईंना कळावं, आणि राहिलं असेल ते त्यांनी पुन्हा शिकवावं, इतका साधा हेतू. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी, एवढेच विषय. पास नाही, नापास नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. शाळांसाठीच्या 'स्टार्स' प्रकल्पाखाली २०२३-२४ पासून ही चाचणी नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे 'पॅट', या मालिकेत गेली. आधी पायाभूत, दिवाळीच्या आसपास संकलित एक, वर्ष संपताना संकलित दोन. बाई पेपर तपासतात, गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरतात आणि ते शासनाच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात.

म्हणजे आपल्या मुलाला काय येत नाही, हे सरकारला जाणून घ्यायचं आहे. कुठले स्वाभिमानी आईबाप हे होऊ देतील?

साखर तपासायच्या आधी आठ दिवस गोड बंद करणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. रिपोर्ट नॉर्मल आला की लॅबमधून परतताना ते जिलेबी घेऊन येतात. त्यांची ही दूरदृष्टी आता नातवंडांच्या अभ्यासात उतरली आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. रोग शोधायला निघालेल्या माणसाला रोग सापडू द्यायचा नाही, एवढा निर्धार ज्या घरात आहे, त्या घराला सूचना करण्याची खरं तर गरज नाही. तरी नवख्या पालकांसाठी चार शब्द.

पहिली अडचण पुस्तकाची. चाचणी मागच्या वर्षाच्या अभ्यासावर असते आणि मागच्या वर्षाचं पुस्तक मे महिन्यातच शेजारच्या मुलाला दिलेलं किंवा रद्दीत गेलेलं असतं. याचं वाईट वाटून घेऊ नये. पुस्तकात धडे, चित्रं, स्वाध्याय असं बरंच काही असतं, आणि त्यात वेळ जातो. बाजारात सराव प्रश्नसंच मिळतात. त्यांच्या मुखपृष्ठावर चष्मा घातलेलं एक हसरं मूल असतं आणि मागे उत्तरसूची. प्रश्नसंच मागून पुढे वाचावा.

उजळणी करताना एक पथ्य काटेकोर पाळावं. मुलाला जे येतं, तेच पुन्हा पुन्हा विचारावं. दोनचा पाढा, पाचचा पाढा, दहाचा पाढा. मूल धडाधड म्हणतं, आजी कौतुक करते, घरात प्रसन्न वातावरण राहतं. सातच्या आणि आठच्या पाढ्याला शक्यतो हात लावू नये. सात आठे म्हटल्यावर मूल छताकडे बघतं, आई मुलाकडे बघते, बाबा आईकडे बघतात आणि संध्याकाळ वाया जाते. जिथे अडतं तिथे थांबायचं ही जुन्या मास्तरांची पद्धत होती. पण त्यांना एका वर्षात एकच परीक्षा असायची.

वजाबाकीबद्दल जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण बहुतेक घरांची अब्रू इथेच पणाला लागते. तिसरीतल्या मुलाला ६२ वजा २७ घातलं. त्याने खाली नीटनेटकं ४५ लिहिलं आणि पेन्सिल ठेवली. आता हे ४५ अडाणीपणातून आलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. सहातून दोन गेले, चार. मोठ्यातून लहान जातं हा नियम त्याला कुणीतरी शिकवला होता आणि त्याने तो इमानाने पाळला. मुरलेल्या बाईंना हे ४५ दिसलं, तर त्या त्याला समोर बसवतील, आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतील, सात सुट्या माग म्हणतील, आणि गठ्ठा सोडावा लागतो हे त्याला हाताने कळेल. पंधरा मिनिटांचं काम. पायाभूत चाचणी नेमकी अशी ४५ पकडायलाच काढलेली आहे.

म्हणून ते ४५ पेपरात जाता कामा नये. त्याचा उपाय सोपा आहे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मुलाला सांगावं, "वरचा लहान दिसला की त्याच्या डोक्यावर एक मांड, शेजारच्याचा एक खोड." का, ते सांगू नये. चाळीस उदाहरणं घालावीत. एकेचाळिसावं बरोबर येतं. दुसऱ्या दिवशी पेपरात ३५ येतं, बाई बरोबरची खूण करतात, चॅटबॉटवर पूर्ण गुण जातात आणि काड्यांचा गठ्ठा कपाटात सुरक्षित राहतो. पुढे कधी ५०२ वजा १३७ आलं आणि शेजारी शून्य निघालं, तर त्याच्यातला एक कसा खोडायचा हा प्रश्न पडेल खरा. पण तो संकलित एकचा विषय आहे. त्याची तयारी दसऱ्यानंतर सुरू करता येते.

वाचनाचंही असंच. धडा पाठ असला की वाचता येण्याची गरज राहत नाही. मुलाचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर असेल, तर फक्त बोटाचा वेग वाढवावा.

ही विद्या आपणच शोधली असा काहींचा समज आहे. तसं नाही. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नियम आणला की शाळेचं अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरेल. वाचन, लेखन, अंकगणित, तीन विषय. मूल ज्या विषयात कच्चं निघेल, त्यापोटी शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. निरीक्षक यायचे, मुलं रांगेत उभी राहायची, पुस्तक हातात घ्यायची आणि वाचायची. वाचनपुस्तक वर्षभरात इतकं मुरवून घेतलेलं असे की ते उलटं हातात दिलं तरी मूल अडखळत नसे, असं सांगतात. मॅथ्यू अर्नोल्ड हे त्या काळचे मोठे कवी, पोटासाठी शाळा निरीक्षक होते. या पद्धतीने शिकवणं यांत्रिक होतं अशी तक्रार ते वर्षानुवर्षं अहवालात लिहीत राहिले. पद्धत जवळजवळ पस्तीस वर्षं चालली. आपल्याकडे तर पुस्तक उलटं धरायचीही गरज पडत नाही. धडा इतका पाठ असतो की पुस्तक दप्तरात असलं तरी चालतं.

आता प्राथमिक शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेकडे वळू, कारण ती खरी परीक्षा आहे आणि तिथे खरी शिष्यवृत्तीही. राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. चार पर्याय, एक गोल, काळं पेन. वर्षाला ५,००० रुपये, तीन वर्षं. क्लासची फी किती हे विचारून पालकांचा उत्साह घालवू नये. शिष्यवृत्ती ही पैशासाठी नसते, फ्लेक्ससाठी असते.

या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी आहे, हे मराठी माणसाला देवाचं देणं आहे. बुद्धिमत्ता पाठ करता येते, हे आपण जगाला दाखवून दिलं. वेगळं पद ओळखा, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, दिनदर्शिका, नातेसंबंध, रांगेतील स्थान, प्रत्येकाला सूत्र आहे. आरशातल्या प्रतिमेचं सूत्र पाठ करताना मुलाच्या हातात आरसा देऊ नये, तो भांग पाडत बसतो.

रांगेचा प्रश्न मी एका घरी प्रत्यक्ष पाहिला. मीना रांगेत डावीकडून आठवी आणि उजवीकडून पाचवी, तर रांगेत एकूण किती मुली? चिरंजीवांनी पेन न उचलता सांगितलं, "बारा." आठ अधिक पाच, वजा एक. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आजीने विचारलं, "एक का रे वजा केलास?" चिरंजीव म्हणाले, "रांग आली की एक वजा करायचा असतो." आजी म्हणाली, "बरं." मीना दोनदा मोजली गेल्याचं तिने मनात केव्हाच ओळखलं होतं, पण आजीला शिष्यवृत्तीचा अनुभव नाही.

पुढचा प्रश्न असा होता: राजू डावीकडून आठवा, सीमा त्याच्या उजवीकडे असून उजव्या टोकाकडून पाचवी, दोघांच्या मध्ये तिघं. एकूण किती? चिरंजीव म्हणाले, "पंधरा." रांग होती, म्हणून एक वजा. उत्तरसूचीत सोळा होतं. वडिलांनी लगेच क्लासच्या सरांना फोन केला. सरांनी शांतपणे दुसरं सूत्र दिलं, "माणसं दोन असतील तर वजा नाही." वहीत लाल चौकट पडली. तिसऱ्या प्रकारात दोघं एकमेकांना ओलांडून उभे असतात, त्याची चौकट हिरवी आहे. अशा सत्तावीस चौकटींत मुलाची बुद्धिमत्ता बसते. दारात बारा पोरं उभी करून, बाटल्या मांडून किंवा चिंचोके ठेवून हेच मोजता आलं असतं हे खरं, पण पोरं जमली की खेळायला लागतात, आणि मग अभ्यास कधी करायचा?

ज्याचं उत्तर येत नाही, तो गोल रिकामा सोडू नये. चार पर्यायांत डोळे मिटून रंगवत गेलं, तर ७५ पैकी सरासरी अठरा-एकोणीस प्रश्न बरोबर येतात. म्हणजे साडेसदतीस गुण, आणि तेही कसलंही ज्ञान न लागता. पात्रतेला प्रत्येक पेपरात चाळीस टक्के, म्हणजे साठ गुण लागतात. अर्ध्याहून जास्त वाट आपोआप चालून होते. उरलेल्या बावीस-तेवीस गुणांसाठीच काय तो क्लास.

शास्त्राचं नाव घेऊन काही लोक पालकांना घाबरवतात, त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. जर्मनीचे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक काढलं. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह बनवले, स्वतः पाठ केले आणि किती वेळाने किती विसरलो ते मोजलं. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, आणि एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं केलेलं जास्त टिकतं, असं त्यांना आढळलं. निरर्थक गोष्टी पाठ करण्याचा अनुभव आपल्या मुलांनाही दांडगा आहे, पण एबिंगहाउस यांना सकाळी साडेदहाला पेपर नव्हता.

दुसरे अमेरिकेतले रोडिगर आणि कार्पिकी. २००६ साली त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींना तेच पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, काहींना पुस्तक मिटून काय आठवतंय ते लिहायला लावलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा मिटून आठवणारे पुष्कळ पुढे होते. यावरून शिक्षक मंडळी सांगत सुटली आहेत की पुस्तक मिटा, मुलाला विचारा, चुकू द्या, दोन दिवसांनी परत विचारा. पण त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली होती आणि ती कोणी सांगत नाही. परीक्षा पाच मिनिटांनी घेतली, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. शिवाय आपल्याला सगळं लक्षात राहणार असा भरवसाही त्यांनाच जास्त होता. आपली परीक्षा उद्या आहे, आठवड्याने नाही. शास्त्र शंभर टक्के आपल्या बाजूने आहे. गाडीत बसल्यावरही वाचत राहावं, वर्गाच्या दारापर्यंत वाचत राहावं, आणि मूल आत गेलं की त्याच्या डोक्यातून काही सांडायच्या आत पेपर हाती पडावा अशी प्रार्थना करावी.

झोप, खेळ, नाश्ता यांबद्दल बरंच लिहिलं जातं. झोप मे महिन्यात होते.

ज्यांना एवढाही वेळ नाही, त्यांच्यासाठी तंत्रज्ञान आहे. पॅटच्या प्रश्नपत्रिका चाचणीच्या आधीच यूट्यूबवर उत्तरांसह हजर झाल्याच्या बातम्या येऊन गेल्या. राज्यभर गहजब झाला, चौकशीची भाषा झाली. मला मात्र त्या रात्री जागलेल्या आयांचं कौतुक वाटतं. ज्या चाचणीत नापास होण्याची सोय नाही आणि जिचे गुण प्रगतिपुस्तकात मिरवता येत नाहीत, तिचा फुटलेला पेपर रात्री अकराला उतरवून घेणं याला निष्काम कर्मयोगच म्हणावं लागेल.

सरकारला हे सगळं कळत नसेल असं नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात मूल भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असावं असं लिहून ठेवलं आहे. इतकं लिहिल्यावर भीती कुठून आणायची हा प्रश्न पालकांवर पडला. त्यांनी तो स्वखर्चाने सोडवला. पुढे सरकारनेही हात दिला आणि २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, तिच्यात राहिलात तर फेरपरीक्षा आणि तिच्यातही राहिलात तर तोच वर्ग, अशी व्यवस्था परत आणली. तरी खालच्या इयत्ता अजून उघड्या आहेत. तिथे पालकांनी गाफील राहू नये.

तयारीचं सर्वोच्च शिखर म्हणजे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण. २०१७ आणि २०२१ साली झालं, २०२४च्या ४ डिसेंबरला 'परख' नावाने तिसरी, सहावी आणि नववीचं झालं. यात देशभरातल्या निवडक शाळांतली निवडक मुलं पेपर सोडवतात आणि निष्कर्ष जिल्ह्याचा, राज्याचा निघतो. कुठल्याही मुलाला गुण कळत नाहीत. मुलाचं नाव कुठे येत नाही. हे सर्वेक्षण राज्याची तब्येत बघण्यासाठी असतं. तर यासाठीही सराव पेपर असतात, आठवडाभर सराव चालतो, शनिवारी जादा तास होतात. कुणाच्याच गुणांत न मोजल्या जाणाऱ्या चाचणीसाठी संपूर्ण जिल्हा घाम गाळतो आणि मग जिल्ह्याचा आलेख वर गेला की शिक्षणाधिकाऱ्यांपासून सरपंचांपर्यंत सगळे एकमेकांना पेढा देतात. आलेख कशाचा वर गेला हे विचारणारा माणूस त्या दिवशी पेढ्याच्या रांगेत नसतो.

चाचणी झाल्यावर एक अवघड प्रसंग येऊ शकतो. ऑगस्टमध्ये बाई पालकसभेत हळूच म्हणतात, "गुण चांगले आहेत हो, पण वर्गात हातचा घेताना तो अडतो. मागे पडलेल्यांच्या कृती कार्यक्रमात घ्यायचा होता, पण गुण बघता नाव बसत नाही." अशा वेळी शांत राहावं. बाईंना त्यांचाच मोबाइल दाखवावा, चॅटबॉटवर जवळजवळ पूर्ण गुण दिसतात. बाई सुस्कारा टाकतात. कमी गुणांच्या मुलांचा गट त्या वेगळा बसवतात, त्यांना काड्या, मणी, नोटांचे कागद देतात, आपलं मूल मात्र पुढच्या धड्यावर जातं. त्या गटातली मुलं वर्षाअखेर हातच्याची वजाबाकी न अडता करताना दिसली, तर दुर्लक्ष करावं. त्यांना पायाभूतमध्ये किती होते?

एकाच चाचणीपुढे ही सगळी विद्या लंगडी पडते, म्हणून खेड्यातल्या पालकांना वेगळी सूचना. 'प्रथम' या संस्थेचं 'असर' नावाचं सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. त्यांचे स्वयंसेवक निवडलेल्या गावांत घरोघर फिरतात, शाळेत नाही. वेळापत्रक नसतं, सिलॅबस नसतो, आधी नोटीस लागत नाही. ओसरीवर बसतात, मुलाला जवळ बोलावतात आणि एक कागद पुढे करतात. त्यावर काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. "वाच बरं." मग एक-दोन हातच्याच्या वजाबाक्या आणि एक भागाकार. बस, एवढंच. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जेमतेम निम्म्या मुलांना ती दुसरीची गोष्ट सरळ वाचता येते, असं त्यांचे अहवाल सांगत आले आहेत. साहजिकच आहे. पाठ करायला कोणी वेळच दिला नाही.

हे लोक बहुधा शनिवार-रविवारी येतात, कारण तेव्हा मुलं घरी सापडतात. म्हणून रविवारचा सकाळचा क्लास लावून टाकावा. कागद घेऊन कोणी दारात आलंच, तर चहा विचारावा आणि सांगावं, पोरगं शिकवणीला गेलंय, दुपारशिवाय यायचं नाही. ते खोटंही नसतं.